उभ्याने खाल्लेलं

उभ्याने खाल्लेलं मोजायचं नसतं
असा माझा एक खासगी कायदा आहे.
दिवा न लावता खाल्लेलं तर नाहीच नाही.

पावणेदहा. येरवड्याहून निघालेली स्कूटर
सिंहगड रोडचे सगळे सिग्नल सोसून
एकदाची धायरीत पोचते.
किल्ली, चपला, अंधारातला ओटा.
पर्स खांद्यावर तशीच.
हेल्मेटची काच वर करून
मी पहिली खारी खाते.

दिवसभर चौथ्या मजल्यावर बसून
मी लोकांचे क्लेम नाकारते.
म्हणजे मी नाही, नियम नाकारतो,
पण आवाज माझा लागतो त्याला.
आज हडपसरचे एक भापकर होते,
बायकोच्या गुडघ्याची बिलं घेऊन फोनवर.
ओरडले नाहीत. नुसतं म्हणाले,
"बरं ताई, तुम्ही तरी काय करणार."
ओरडले असते
तर बहुतेक दोनच खाल्ल्या असत्या.

पाच झाल्या. मग चिवड्याचा डबा.
झाकण काढताना श्वास धरायचा,
स्टीलला चुगलीची सवय असते.
आधी दाणे, मग खोबरं, मग डाळं,
मग तळाचा तिखट चुरा
ओल्या बोटाला चिकटवून.
मग सकाळचा गार भात, लोणच्याच्या खाराशी,
पातेल्यातूनच.
चव केव्हाच घरी गेलेली असते;
हात तेवढा थांबलेला,
ओव्हरटाइम करत.

भूक नव्हती, हे मला ठाऊक आहे.
भूक पोटात लागते.
हे लागतं मानेच्या मागे,
डोळ्यांच्या खोबणीत, पायांच्या तळव्यांत.
अंगाने झोप मागितली होती.
ती या घरात कुठे ठेवलीय, आठवत नाही;
चिवडा कुठे आहे
ते मिटल्या डोळ्यांनी सांगेन.

फ्रिजवर डाएटवाल्या बाईंचा तक्ता आहे.
सायंकाळी चार बदाम. रात्री दहा मिनिटे शतपावली.
मी तो रोज वाचते,
फ्रिजच्याच उजेडात,
चावत.

मग परवा दिवा लागला.
दारात निनाद,
बारावीची सबमिशनं अर्धवट टाकून उठलेला,
हातात पाण्याची रिकामी बाटली.
तोंडात भात. मला काही बोलता येईना.
तोही काही बोलला नाही बराच वेळ.
मग म्हणाला,
"आई, हेल्मेट तरी काढ."

मी हसले. हसता हसता
कधी दुसरंच सुरू झालं कळलं नाही.
त्याने ओट्याखालचं स्टूल ओढलं,
माझ्या मागे ठेवलं, आणि बाटली भरत राहिला,
भरून वाहायला लागली तरी.
बसल्यावर आधी पाय बोलले.
सकाळपासून दुखतायत
ही बातमी मला तेव्हा मिळाली.
आमटी त्याने इतकी तापवली
की फुंकून फुंकून खावी लागली,
ताटात.
ताटाला काठ असतो, विसरलेच होते मी.
डब्याला नुसता तळ असतो.

आता आल्या आल्या स्टूलवर बसते.
हेल्मेट मांडीवर, दिवा चालू.
दिवसभरातलं जे घशाशी आलेलं असतं
त्याचं नाव घेते, मोठ्याने, रिकाम्या स्वयंपाकघरात:
भापकर. गुडघा. एक लाख ऐंशी हजार.
कधी तेवढ्याने पुरतं
आणि मी दात घासून झोपते, चक्क साडेदहाला.

काल नाही पुरलं.
काल चार खाऱ्या.
पण बसून, उजेडात, आणि मोजून.
पाचवी मी परत ठेवली, असं लिहिणार होते.
पाचवी निनादने खाल्ली.